सुमनच्या वावरावरची मोरी

मी बार्शीटाकळीकडचा. बाप खदानीवर दगड फोडे, माय टोपल्यानं खडी वाहे, अन् म्या थापी हातात धरली ते आजवर धरूनच आहो. माह्या हातच्या सिमेंटच्या गुळगुळीत घोटाईत तोंड दिसे असं लोक म्हनत, अन् मले त्याचा गर्व होता, खोटं काहून सांगू. काम खडबडीत राह्यलं तं आमच्यात गवंड्याची इज्जत जाते.

तं आमच्या रस्त्याच्या मोरीचं काम निघालं, मंजे नाल्याचं पानी रस्त्याखालून काढाले सिमेंटचे नळे टाकतात ते; ठेकेदारानं गवंडी म्हनून मले लावलं. मोरीच्या खालच्या अंगाले माह्या लहान बहिनीचं, सुमनचं वावर. नवरा गेल्यावर त्याच वावरावर तिनं दोन पोरी शिकवल्या. म्या म्हनलं, बहिनीच्या वावरावरचं काम हाये, असं करतो का लोकायनं पाहातच राहावं. इंजिनियर साहेब सांगून गेलते, नळ्याच्या तोंडाखाली मोठाले दगडं मांड अन् तसेच खडबडीत राहू दे, घोटू नको. मले वाटलं, ह्याले काय समजते, कागदावर शिकेल मानूस. म्या दगडं बाजूले सारले, सिमेंट ओतलं अन् असं घोटलं, असं घोटलं, का मुंगी घसरली पायजे. सुमन पाहाले आली, म्हने दादा, लय सुंदर केलं, इथं तं कपडे धुता येतीन.

काय सांगू तुमाले, श्रावनात नाल्याले पूर आला अन् सकाळी तिचा फोन, दादा, लवकर ये. गेलो. अन् पाहातच राह्यलो बाप्पा, वावर मधातून फाटेल. बैल उभा राह्यला तं शिंग दिसू नये एवढा खड्डा, धुरा, मंजे वावराचा बांध, गेला, कपाशी गेली, काळी माती जाऊन खालचा मुरूम उघडा पडेल. अन् माही घोटाई तशीच चमकून राह्यली होती, तिले तडा नाई. पानी तिच्यावरून घसरलं, कुठं अडलं नाई, कुठं दमलं नाई, सारा जोर घेऊन सुमनच्या मातीत शिरलं.

सुमन म्हने, दादा, तुले कामातलं समजते, ठेकेदारानं काय चोरी केली सांग, आपन तक्रार करू. म्या म्हनलं, सुमन, चोरी नाई, हे माह्या हातानं झालं, साहेब नको म्हनलते. ती रडली नाई. म्हने, मंग आता शिव्या कोनाले देऊ मी?

ती घोटाई म्या घनानं फोडली, मोठाले दगडं आनले, खडबडीत बाजू वर करून खड्ड्यापर्यंत मांडले. पोट्टे हासतात, बुढ्याचा हात गेला म्हनतात. म्हनू द्या. पानी आता दगडायवर ठेचकाळत, सुस्त होऊन खाली जाते, खड्ड्यात बोट-बोटभर गाळ बसून राह्यला. सुमन माह्याशी बोलते, च्या देते, पन मोरीकडं येत नाई. तो खड्डा माह्या जिंदगीत भरत नाई, तिच्या पोरींच्या भरला तं भरला. तुमची माती तुमच्या धुऱ्यातच राहो बाप्पा, एवढंच म्हनतो.