बोळात अडकलेलं दूध

रविवार, १८ जानेवारी

दिवाळीनंतर या वहीत एक ओळही लिहिली नाही, त्याबद्दल माफी असावी. कुणाची मागतो आहे हे मलाही नीट सांगता येणार नाही; वहीची म्हणू. आज गावात वरच्या डेअरीचे सचिव गुंडूतात्या यांचा निरोप समारंभ झाला. त्यात मी जे बोललो ते आठवतं तसं उतरून ठेवतो. घरी आल्यावर सुचलेली चांगली वाक्यं मध्ये घुसडायची नाहीत, एवढं पथ्य पाळायचं आहे.

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा, आपल्या जनावरांच्या दवाखान्याच्या डॉक्टर अनुजा मॅडम, प्रमुख पाहुणे महावीरआण्णा, तितकेच प्रमुख पाहुणे आकारामआबा, गुरुवारी संध्याकाळपासून प्रमुख झालेले पाहुणे यशराजदादा, सत्कारमूर्ती गुंडूतात्या, त्यांच्या शेजारी नवी पैठणी सावरत बसलेल्या चिमणाबाई काकी, दोन्ही डेअऱ्यांचे संचालक, आणि वरच्या व खालच्या आळीच्या माझ्या बंधू-भगिनींनो.

नावं घेताना क्रम चुकला असेल तर दोष माझा नाही. पत्रिका दहा तारखेला छापली. त्यात आण्णा यजमान होते आणि आबा पाहुणे. आज आण्णाही पाहुणेच आहेत. अध्यक्ष कोणाला करायचं यावर समितीच्या दोन बैठका झाल्या. ज्याचं नाव निघेल तो कुठल्या तरी गटाचा निघायचा. शेवटी असं ठरलं की म्हशीला गट नसतो, तेव्हा म्हशीच्या डॉक्टरांना अध्यक्ष करावं. मॅडम, आपण हसलात, म्हणजे रागावला नाहीत असं मी समजतो.

बाहेरगावाहून आलेल्या मंडळींसाठी थोडं सांगितलं पाहिजे. कागल तालुक्यातलं आमचं गाव टेकाडावर आहे आणि गावात दूध डेअऱ्या दोन आहेत. वरच्या आळीतली वरची डेअरी आण्णांच्या गटाची. खालच्या आळीतली खालची डेअरी आबांच्या गटाची. आमच्याकडे माणूस कुठल्या गटाचा, हे त्याला विचारत नाहीत. सकाळी दुधाची किटली घेऊन तो चढाला लागतो की उताराला, एवढं बघतात. लग्नाच्या याद्या त्यावरून होतात. मयताला कोण येणार, कोण नुसताच रस्त्यावर उभा राहणार, तेही त्यावरूनच ठरतं.

आमच्या घरची गोष्ट सांगतो, कारण दुसऱ्याच्या घरची सांगायचा मला अधिकार नाही. बायकांच्या बाजूला तिसऱ्या रांगेत माझी थोरली बहीण बसली आहे. आक्का. तिला गावातच दिली, खालच्या आळीत. आमच्या दोन घरांत चालत चार मिनिटांचं अंतर. चौदा वर्षं आम्ही एकमेकांशी बोललेलो नाही. ते का, हे मी आज सांगणार आहे. तात्यांचा समारंभ असताना मी माझं काय सांगत बसलोय, असं वाटेल. पण परवा जे घडलं त्यात तात्या, आक्का आणि व्यासपीठावरचे तिन्ही पाहुणे असे एकत्र गुंतले आहेत की एकाला वगळून दुसऱ्याचं बोलता येत नाही.

तर गुंडूतात्या. चौतीस वर्षं सचिव. पहाटे पाचला डेअरीचं शटर वर जायचं, त्यात कधी खंड पडला नाही. काकी सांगतात, थोरल्या मुलाच्या हळदीलाही हे हळद लागलेल्या अंगानं दूध मोजत होते. तात्यांना माणसांची नावं आठवायला वेळ लागतो, किटल्या ओळखायला लागत नाही. कान तुटलेली कुणाची, बुडाला पोचा आलेली कुणाची, झाकणाला सुतळी कुणी बांधली, अंधारात हात लावून सांगतात. फॅट कमी लागली म्हणून लोक त्यांच्यावर ओरडायचे. तात्या यंत्राकडे बोट दाखवायचे आणि म्हणायचे, "मी म्हशीच्या पोटात बसलेलो न्हाय."

आता परवाचं. गुरुवारी दुपारी चार वाजता आण्णांनी कोल्हापुरात आबांच्या आघाडीत प्रवेश केला. जिल्हा परिषदेचा अर्ज भरायला थोडेच दिवस उरले होते. कार्यकर्त्यांच्या आग्रहाखातर हा निर्णय घेतला, असं आण्णा तिथे म्हणाले. मी वीस वर्षं आण्णांचा कार्यकर्ता आहे. मी आग्रह केला होता का, ते पाहायला रोजनिशी उघडली. तशी नोंद नाही. पण दिवाळीपासून मी रोजनिशी लिहिलेलीच नाही, तेव्हा केलाही असेन. आण्णांवर उगाच आळ नको.

तिकीट आण्णांना मिळालं म्हटल्यावर आबांच्या गटात पाच वर्षं त्याच तिकिटाची वाट बघणारे यशराजदादा उठले, आणि सात वाजता आण्णांच्या रिकाम्या झालेल्या पक्षात जाऊन बसले. खुर्ची अजून गरम होती, असं म्हणतात. म्हणजे तीन तासांत आमचा उमेदवार त्यांचा झाला आणि त्यांचा आमचा. आठला दोन्ही आळ्यांत फटाके वाजले. कोण कशासाठी वाजवतंय हे मी चारपाच जणांना विचारलं. एक म्हणाला, "सर, गेल्या वर्षीचं शिल्लक हुतं."

शुक्रवारी सकाळी साहजिकच प्रश्न आला की दूध कुठं घालायचं. हा प्रश्न नेत्यांना पडत नाही, त्यांच्याकडे म्हशी नाहीत. आमच्या वरच्या आळीनं आपापल्या चुलीपाशी ठरवलं की आण्णा खाली गेले, तर आपलं दूधही खाली गेलं पाहिजे. खालच्या आळीनं ठरवलं की आण्णाला घेऊन आबांनी यशराजदादांचा गळा कापला, आता दूध वर घालायचं. कुणी कुणाला विचारलं नाही. विचारणार कसं? बोलणं नव्हतं.

सहा वाजता साठएक माणसं किटल्या घेऊन उताराला लागली आणि जवळजवळ तेवढीच चढाला. मधे मारुतीच्या देवळाशेजारचा बोळ आहे. त्यातून एक म्हैस नीट जाते. किटल्या घेतलेली दोन माणसं शेजारून जात नाहीत. दोन्ही रांगा त्या बोळात समोरासमोर आल्या. मागून लोक येतच होते, त्यामुळे कुणालाच मागे फिरता येईना.

"बाजूला व्हा की, आम्हाला खाली जायचंय," आमच्यातली बयाबाई ओरडली.

"खाली कशाला? खाली आम्ही ऱ्हातोय."

"तुमच्यातच निघालोय."

"आन् आम्ही तुमच्यात."

दोन्ही रांगांनी एकमेकांच्या किटल्यांकडे पाहिलं.

मग एक जण म्हणाला, आम्ही आधी पक्ष बदललाय, वाट आमची. दुसरा म्हणाला, तुमच्या आण्णांनी चारला बदलला असंल, पर आमचा संताप दुपारी दोनपासनं हाय. भांडण चांगलं तापलं. आणि तेवढ्यात वरून गुंडूतात्या आले. पायात चप्पल नव्हती. देवळाच्या कट्ट्यावर चढले आणि म्हणाले, "ए, गप ऱ्हावा. दूध नासतंय. आधी दूध घाला. भांडण काय नासत न्हाय, दुपारी बी करता ईल."

कुणी विचारलं, "घालायचं कसं तात्या? हालता येत न्हाय."

तात्या म्हणाले, "माणसं हालू नका. किटल्या हालवा."

आणि मंडळी, तसं झालं. वरच्यांच्या किटल्या हातोहात खाली निघाल्या, खालच्यांच्या हातोहात वर. तात्या कट्ट्यावर उभे राहून किटली बघायचे आणि नाव पुकारायचे, कारण खालच्या डेअरीच्या सचिवाला आमच्या किटल्या ओळखीच्या नव्हत्या. "ती पोचा पडलेली बयाबाईची. ती सुतळीवाली गोठ्याकडच्या पाटलाची." चाळीस मिनिटांत शंभरावर किटल्या गेल्या. थेंब सांडला नाही.

आता मला जे सांगायचं आहे ते. आमच्या रांगेत सगळ्यांत पुढे मी होतो. निष्ठा दाखवायची तर उशीर नको, म्हणून पावणेसहालाच निघालो होतो. आणि त्यांच्या रांगेत सगळ्यांत पुढे आक्का होती. म्हणजे गावातली प्रत्येक किटली एक तर मी आक्काच्या हातात दिली, नाहीतर आक्कानं माझ्या.

पहिली किटली तिनं पुढे केली. मी म्हणालो, "द्या पावणं."

ती म्हणाली, "पावणं व्हय रं मी?"

मी किटली मागे दिली. पुढची घेतली. शेवटी पायाशी ठेवलेली स्वतःची किटली तिनं पुढे केली, तेव्हा ती म्हणाली, "झाकण ढिलं हाय. आडवी धरू नको."

चौदा वर्षांत आमचं एवढंच बोलणं झालं आहे.

आणि ती चौदा वर्षं कशामुळे, तर दोन हजार बाराच्या निवडणुकीत मी आण्णांचा पोलिंग एजंट होतो. खालच्या आळीतल्या ज्या मतदाराचा यादीतला फोटो पुसट असेल त्याच्यावर हरकत घ्यायची, असा आदेश होता. आण्णा, तुम्हाला आठवत नसेल. तुम्ही त्या दिवशी तीसेक गावांत आदेश दिले होते. अकरा वाजता आक्का आली. फोटो पुसट होता. मी हरकत घेतली. अधिकाऱ्यांनी विचारलं, तुम्ही यांना ओळखता का? मी म्हणालो, "फोटोवरून ओळख पटत नाही." हे वाक्य खोटं नव्हतं, फोटो खरंच पुसट होता. त्या पुसट फोटोमागे मी किती वर्षं लपून बसलोय, ते माझं मला माहीत.

आक्का अधिकाऱ्यांना म्हणाली, "साहेब, ह्याचं नाक मी पुसलंय, आन् ह्याला माझी वळख पटत न्हाय." मग तिनं मत दिलं आणि निघून गेली. अधिकाऱ्यांनी हरकत फेटाळली. आण्णा दोनशे अकरा मतांनी निवडून आले. म्हणजे माझ्या हरकतीची गरजसुद्धा नव्हती.

नंतर तिच्या मुलीचं, अपूर्वाचं लग्न झालं. मी पेपर तपासायला कोल्हापूरला गेलो होतो. तपासणी दुसऱ्या दिवशी होती.

(इथे मांडवात कुणी हसलं नाही. आण्णा मोबाईलकडे बघत होते. आबा मात्र माझ्याकडे बघत होते.)

मी कुणाला दोष द्यायला उभा नाही. आण्णा आणि आबा आज एका सोफ्यावर बसले आहेत, मघाशी दोघांनी एकाच ताटलीतला पेढा उचलला. त्यांना एकत्र यायला एक दुपार पुरली. मग आम्हाला एवढी वर्षं का लागली? ते जास्त मोठ्या मनाचे आहेत का? की त्यांचं भांडण खरं नव्हतंच, आणि ते फक्त आम्ही खरं धरून बसलो? मी तीन दिवस विचार करतोय. एवढं मात्र दिसतं की परवापासून वरची आळी खाली दूध घालते, खालची वर घालते, आणि आमच्यातलं अंतर आम्ही जसंच्या तसं राखलं आहे. उलट आता दोघांनाही चालावं लागतं. खालच्या आळीतल्या म्हाताऱ्यांचे गुडघे चढानं दुखायला लागलेत, असं ऐकतो. मॅडम, त्यावर तुमच्याकडे काही नसणार.

तात्या, आपण या महिनाअखेरीस शटर खाली ओढाल. नवा सचिव संगणकावर काम करेल, त्याला पोचे ओळखावे लागणार नाहीत. आपल्याला शाल, श्रीफळ आणि मनगटी घड्याळ देतो आहोत. पाचला उठायची गरज संपल्यावर घड्याळ देण्यात अर्थ नाही, हे मी समितीत म्हणालो होतो, पण ते आधीच आणलं होतं.

मघापासून माझ्या मनात एक गोष्ट घोळते आहे. इथे माईक आहे, समोर आक्का आहे, सगळं गाव आहे. इथे मी तिची माफी मागितली तर टाळ्या पडतील. पण माईकवरून माफी मागायची रीत मी पुढाऱ्यांकडून शिकलो, आणि ती किती स्वस्त पडते ते मला ठाऊक आहे. माझी चूक मी चारपाच लोकांसमोर केली होती. ती तिच्या दारात जाऊन, ती आत घेईल की नाही हे माहीत नसताना सांगितली पाहिजे. म्हणून इथे मागत नाही.

मांडव घालणाऱ्यांचे, दोन्ही आळ्यांत घरोघर पत्रिका पोचवणाऱ्यांचे, आणि कार्यक्रम संपेपर्यंत पक्ष न बदलल्याबद्दल तिन्ही पाहुण्यांचे मी मनापासून आभार मानतो. बोलण्याच्या ओघात कुणाला जुन्या गटात बसवलं असेल, कुणाचं मन दुखावलं असेल, वेळ जास्त घेतला असेल, तर आपलाच समजून पोटात घालावं. थांबतो.

एवढं बोलून मी माईक खाली ठेवला, तर बायकांच्या बाजूनं आक्काचा आवाज आला. उठून उभी राहिली नव्हती, बसल्या जागेवरूनच.

"यायचं असंल तर दूध घालून झाल्यावर ये. सातपतोर मला बोलायला सवड न्हाय."

सगळे हसले. तात्याही हसले. मी मान हलवली असावी.

उद्या: साडेसातला आक्काकडे जाणे, एकट्यानं.