मुगिलकोप्प येथील घराच्या कुलपाबाबत

मी, प्रेमा विद्याधर टेंबे, वय एकसष्ट, धंदा घरकाम, मूळ गाव राजापूरजवळ, सध्या राहणार मुगिलकोप्प, म्हणजे सकलेशपूरच्या पुढे घाटातलं लहानसं गाव, आणि त्याआधी उभा संसार केला तो इथेच शहरात, जयनगरला. आज संध्याकाळी ठाण्यात स्वतः येऊन हेड कॉन्स्टेबल ज्योतिबा यांच्यापुढे सांगते ते असं. कन्नड मला येतं, पण घाबरले की तोंडात मराठीच येते. ज्योतिबांच्या घरी मराठी बोलतात, म्हणून ते मराठीत लिहून घेत आहेत. कन्नड तर्जुमा मागून जोडणार आहेत.

माझी तक्रार शेजारी प्रदीपकुमार, त्यांची बायको हेमावती आणि त्या आळीतली बाकीची माणसं यांच्याविरुद्ध आहे. ती आम्हाला तिथून हुसकून लावायला बघतात. माझे यजमान विद्याधर आत्ता त्या घरात एकटे आहेत. त्यांचा फोन दुपारपासून लागत नाही. तिथल्या चौकीत मी गेले नाही, कारण तिथला शिपाई प्रदीपकुमारांच्याच नात्यातला. गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो असं माझी मुलगी ईरा म्हणाली, म्हणून सकाळच्या बसने इथे आले.

माझे यजमान सरकारी कारखान्यात इंजिनियर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी डोंगरात राहायचं वेड घेतलं. दसऱ्याला आम्ही मुगिलकोप्पला राहायला गेलो. छोटं कौलारू घर, मागे केळी, आणि अंगणात फणसाची दोन झाडं. खरं सांगते, मी त्या फणसांवर भाळूनच हो म्हटलं. जयनगरला फणस विकत घ्यायचा तर गाडीवाला चार गरे कागदावर ठेवून देतो. आम्हा कोकणातल्या माणसांचं त्यात काय भागणार?

सुरुवातीला शेजार चांगला होता, हे नाकारत नाही. हेमावतीने कॉफीपूड आणून दिली, पावसात जळवा चढू नयेत म्हणून मोज्यात तंबाखू कशी घालायची ते दाखवलं. पण तिथे पुढच्या दाराने कोणी येतच नाही. मागच्या दाराने थेट चुलीपाशी. आज काय केलंत अक्का, झाकण उघडून बघायचं, स्वल्प जास्त मीठ झालं म्हणून सांगायचं. मला आधी गंमत वाटायची, मग राग यायला लागला. हे म्हणायचे, अगं, गावातलं वागणं असतं असं, सांभाळून घे. मी लाडू करून घरोघर दिले. सगळ्यांच्या घरच्या बारशाला आणि बाराव्याला गेले. आणखी काय करायचं असतं माणसाने?

मार्चमध्ये एका सकाळी बघते तर प्रदीपकुमार कोयता घेऊन आमच्या फणसावर. न विचारता! कोवळे फणस सटासट तोडून खाली टाकत होते, आणि हेमावती खड्ड्यात ढकलून वर माती लोटत होती. चांगलं अन्न मातीत पुरतात! मी ओरडले. ते वरूनच म्हणाले, "आने बरुत्ते अक्का." हत्ती येतो. पिकल्या फणसाच्या वासाने हत्ती रानातून उतरतो, म्हणून या आळीत फणस पिकूच देत नाहीत, कोवळेच तोडून पुरतात, तुमच्या आधीचा घरमालकही तेच करायचा. मी म्हटलं, इतक्या महिन्यांत मला हत्तीचं शेपूटसुद्धा दिसलं नाही, आणि तो काय वास घेत घेत पत्ता विचारत येणार आहे? ते उतरून गेले. एक झाड मात्र वाचलं.

त्यानंतर ह्यांनी काटेरी तार ओढून घेतली, लोखंडी फाटक बसवलं, कुलूप लावलं. परवानगीशिवाय आत येऊ नये, अशी कन्नड पाटी रंगवून घेतली. मी प्रदीपकुमारांना तोंडावर सांगितलं की यापुढे फाटकाच्या आत पाय टाकलात तर पोलिसांत देईन. त्या दिवसापासून ते आत आले नाहीत. हेमावतीही नाही. मागचं दार नुसतं वाऱ्याने वाजायचं. मला वाईट वाटलं, पण मी बोलून दाखवलं नाही.

मे महिना लागला तसा आम्हाला त्रास देणं सुरू झालं. दिवेलागणीला ती माणसं आमच्या तारेपाशी येऊन डबे बडवतात. फटाके लावतात. ह्यांच्या कानाला यंत्र आहे, त्या आवाजाने त्यांचं डोकं उठायचं. मग ते संध्याकाळी यंत्र काढूनच ठेवायला लागले. गेल्या आठवड्यात त्या लोकांनी शेणाच्या गोवऱ्यांत सुक्या मिरच्या घालून आमच्या कुंपणाला चारी बाजूंनी धुरी दिली. मिरच्यांची धुरी! आमच्याकडे ती झपाटलेल्या बाईला देतात. मला वाटलं, आम्हाला काय भूत समजतात की काय, का काही करणी करतायत? खोकून खोकून जीव गेला. रात्रभर देवाचं नाव घेत बसले.

परवा उठून बघितलं तर मागची केळी मुळापासून उपटून आडवी केलेली. तार तुटलेली, एक खांब वाकलेला. चिखलात परातीएवढाले गोल खड्डे, एकामागे एक, थेट मागच्या भिंतीपर्यंत. हे म्हणाले, बघितलंस, कुंपण सरकवण्यासाठी खांबांचे खड्डे काढून ठेवलेत, मी इंजिनियर आहे, मला कळतं. मलाही ते पटलं.

म्हणून ह्यांनी उरलेल्या झाडाचे सगळे फणस उतरवून घेतले, कापे आणि बरके दोन्ही, आणि मागच्या खोलीत ओळीने पिकायला ठेवले. चोरीला जायला नकोत, नासधूस नको. बरक्या फणसाच्या पोळ्या मी ताटांत थापून मागच्या पडवीत वाळत घातल्या आहेत. सगळ्या घराला इतका वास सुटला आहे की कपाटातल्या साड्यांनाही येतो. आत्ता अंगावर आहे तिलाही येतोय.

काल संध्याकाळी प्रदीपकुमार फाटकाबाहेर आले. हातात कोयता होता. त्यांचे शब्द असे होते: "अक्का, तुम्ही दोघं आजपासून आमच्या घरी झोपायला या. इथे राहिलात आणि काही झालं तर आम्हाला आत येता येणार नाही. तुम्हीच बंदी केली आहे." ही धमकी आहे. काही झालं तर म्हणजे काय? मी ह्यांना म्हटलं, चला, उठा, ईराकडे जाऊ. ते म्हणाले, माझं घर सोडून मी पळायचं? तू जा, तक्रार कर, मी मागच्या खोलीत खाट टाकून फणसांची राखण करतो, येऊ दे कोण येतो ते. गुडघ्याचं ऑपरेशन झालेला माणूस. मी निघाले तेव्हा आतून कडी लावलेली ऐकली.

माझ्या यजमानांना संरक्षण मिळावं आणि वरील माणसांवर कारवाई व्हावी, इतकंच माझं म्हणणं आहे.

पुढील मजकूर वाचन झाल्यावर घेतला.

ज्योतिबांनी वरचं सगळं मला सावकाश वाचून दाखवलं. प्रत्येक शब्द मी सांगितला तसाच आहे. पण ते केळी, खांब, परातीएवढे खड्डे असं वाचत खाटेपर्यंत आले तेव्हा मी म्हटलं, थांबा. थांबा हो. मलाच ते दुसऱ्या कोणाचं ऐकल्यासारखं वाटलं. डबे कशाला बडवत होते ते कळलं. मिरच्या कोणासाठी जाळत होते ते कळलं. अगं बाई गं! तो येऊन गेला आहे. भिंतीपर्यंत येऊन गेला आहे, आणि त्या भिंतीच्या आत, फणसांच्या शेजारी, यंत्र काढून हे निजले असतील.

महिला कॉन्स्टेबल भव्या यांनी पाणी दिलं, ते सांडलं. मी म्हटलं, पाणी नको, फोन द्या. हेमावतीचा नंबर मला पाठ होता. तिने लगेच उचलला. मी काही बोलायच्या आत ती कुजबुजत म्हणाली, "अक्का, तुम्ही कुठे आहात? तो तुमच्या केळीत उभा आहे. एकटाच आहे, मोठा. आम्ही सगळे फाटकाबाहेर आहोत. हाका मारतोय, टेंबेसारांना ऐकू येत नाही." मी किंचाळले, मग आत जा ना! तिने फोन नवऱ्याला दिला. प्रदीपकुमारांनी मला विचारलं, "कुलूप तोडू का अक्का? नंतर तक्रार होणार नाही ना?"

हे वाक्य माझ्या जबाबात लिहा, असं मी ज्योतिबांना सांगितलं. हत्ती समोर उभा असताना त्या माणसाला माझी भीती वाटत होती.

मी म्हटलं, तोडा अण्णा. फाटक तोडा, दार तोडा, माझी परवानगी आहे, इथे पोलीस ऐकतायत. फोन चालूच होता. लोखंडावर घाव ऐकू आले. फटाके वाजले. मग दार मोडल्याचा आवाज, आणि आतून ह्यांचा आवाज आला, "कोण रे आत शिरलंय? एकेकाला पोलिसांत देईन!" मी तिथेच खुर्चीत रडायला लागले. चाळीस वर्षं त्या आरडाओरड्याला कंटाळले होते. त्यानंतर "बन्नी सार, बन्नी, बेगा", म्हणजे या सार, लवकर या, असं कोणीतरी म्हणत होतं, आणि मग काहीतरी कोसळलं. इतक्या जोरात की ज्योतिबांनाही ऐकू गेलं. फोन बंद झाला.

तो परत लागेपर्यंत मी काय बोलले ते मला आठवत नाही. भव्या सांगतात की मी नुसती "सरी, सरी", म्हणजे बरं बरं, म्हणत होते.

हेमावतीने स्वतः फोन केला. ह्यांना दोघांनी काखेत हात घालून उचलून तिच्या घरी नेलं आहे. पायाला खरचटलं आहे, बाकी ठीक. मागची भिंत पडली. खाट भिंतीखाली आहे. तो अजून खोलीतच फणस खात उभा आहे. ह्यांनी फोनवर मला एवढंच विचारलं, "प्रेमा, तू बरी आहेस ना?" आवाज अगदी लहान मुलासारखा झाला होता.

माझी कोणाविरुद्ध काही तक्रार नाही. प्रदीपकुमार यांनी आज माझ्या घराचं कुलूप आणि दार तोडलं ते माझ्या सांगण्यावरून. त्याबद्दल त्यांच्यावर आज, उद्या किंवा कधीही कसलाही गुन्हा लागू नये. परत तिथे राहायला जाणार का, असं ज्योतिबांनी विचारलं. मला भीती वाटते. आत्ताही दार वाजलं की मी दचकून वळते. पण सकाळच्या बसने जाते. खोलीत काही फणस उरले असतील तर ते पुरायला हवेत, आणि खड्डा खणताना शेजाऱ्यांबरोबर मी उभी राहायला हवी. नवीन फाटक बसवणार नाही.

पहिला भाग आणि हा भाग दोन्ही मी ऐकले. दोन्ही माझेच आहेत, पहिल्यातलं काही खोडू नये. सही वाकडी आली आहे. ती माझीच आहे.

प्रेमा विद्याधर टेंबे

माझ्यासमोर: ज्योतिबा, हेड कॉन्स्टेबल