दुकान रिकामं दिसता कामा नये

...म्हणजे मूर्ख मीच, नाही का? वीस वर्षं मी लोकांचे सर्व्हर दुरुस्त करतोय, आणि पलंग-कपाटं विकणाऱ्या त्या कंपनीचा मालक मला शांतपणे सांगतो, "आम्ही कशालाही हात लावलेला नाही." तुम्हाला सांगतो, हे वाक्य ऐकलं की समजायचं, कुणीतरी हात लावलाय. अहो, सर्व्हर म्हणजे शेवटी एक यंत्र. लोक वेबसाइट मागतात, ते बिचारं पानात वाढत राहतं. आपल्या मनानं रुसून बसायला तो काय जावई आहे?

पण ह्यांची साइट रोज सकाळी दहाच्या ठोक्याला पडायची आणि संध्याकाळी सहाला आपोआप उठायची! रविवारी तर दिवसभर ठणठणीत! आता रविवार असतो हे सर्व्हरला कोण सांगतं? ह्यांनी काय केलं, तर मोठा सर्व्हर घेतला. तो पडला. आणखी मोठा घेतला. तोही पडला! आणि खापर कुणाच्या डोक्यावर, तर सर्व्हर सांभाळणाऱ्या बाईंच्या. पन्नाशीच्या बाई, चष्मा कपाळावर, टेबलावर राजीनामा टाइप करून ठेवलेला, सहीच काय ती बाकी. शुक्रवारपर्यंत साइट उभी राहिली नाही तर घरी जा, असं मालकांनी सांगितलेलं.

"दादा, बघा काही जमतंय का," त्या म्हणाल्या. "घरात माझा एकच पगार आहे."

आता सांगा, नाही कसं म्हणणार?

बसलो. साइट कोण कोण मागतंय ह्याची नोंद सर्व्हर ठेवतो, ती उघडली. बघतो तर लाखो मागण्या, आणि सगळ्या एकाच पत्त्यावरून... कुठल्या? ह्याच इमारतीच्या! तडक मालकाकडे गेलो. परत तेच, "आम्ही कशालाही हात लावलेला नाही." म्हटलं, असं होय, आणि निघालो खोल्या धुंडाळत. तिसऱ्या मजल्यावर एक हॉल. आत चाळीस कॉम्प्युटर, समोर चाळीस खुर्च्या, माणूस एकही नाही. आणि प्रत्येक पडद्यावर ह्यांचीच साइट आपली आपण उघडतेय, मिटतेय, उघडतेय, मिटतेय... माझा तर आ वासलेलाच राहिला.

"हे काय आहे?" मी मालकाला विचारलं.

"ते होय? ती बाबांची रीत आहे. त्याला हात लावणं कसं म्हणता?"

बाबा म्हणजे थोरले साहेब. पन्नास वर्षं दुकान चालवलेला माणूस. त्यांचा नियम एकच, दुकान रिकामं दिसता कामा नये. पूर्वी म्हणे घरचीच चार माणसं गिऱ्हाईक म्हणून पलंगांवर बसवायचे. आता साइटवर चाळीस कॉम्प्युटर बसवले, दुकानाच्याच वेळेत, दहा ते सहा, रविवारी सुट्टी! अहो, पण वेबसाइटवरची गर्दी दिसते कोणाला? कोणालाही नाही. फक्त थोरल्या साहेबांना, त्यांच्या खोलीतल्या भिंतीवर, आकड्यात. दिवसाला नऊ लाख!

मी हॉलचं मेन स्विच खाली ओढलं. साइट अशी पळायला लागली की विचारू नका. भिंतीवरचा आकडा दुसऱ्या दिवशी आला तीनशे बारा, आणि थोरले साहेब तरातरा खाली आले.

"गिऱ्हाईक कुठं घालवलंत?"

कपाळ बडवून सांगितलं, ही तीनशे बारा माणसं खरी आहेत, जिवंत आहेत, त्यांना खरंच कपाट हवंय! पण पालथ्या घड्यावर पाणी. हुकूम सुटला, कॉम्प्युटर चालू करा. म्हणजे साइट पडणार, म्हणजे बाई घरी. आणि मालक बापाला "हो बाबा" म्हणून मोकळा.

तेवढ्यात बाईंनी मला बाजूला घेतलं.

"दादा, त्यांना गर्दी हवी आहे की आकडा?"

पाच मिनिटं, फक्त पाच मिनिटं लागली त्यांना. भिंतीवर जाणाऱ्या आकड्याला तीन हजारांनी गुणलं, झालं. मी म्हटलं, बाई, हे खोटं आहे हो. तर म्हणाल्या, "आणि तिसरा मजला काय खरं बोलत होता?" वीस वर्षांचा अनुभव माझा, आणि मी मुकाट हॉलचं स्विच खालीच ठेवून दाराला कुलूप लावून आलो.

शुक्रवारी थोरले साहेब आले. भिंतीवर नऊ लाख छत्तीस हजार! "एवढी गर्दी आणि साइट हलली नाही! बाई, तुम्ही एकट्यांनी सांभाळलंत," असं म्हणून स्वतःच्या हातानं त्यांचा राजीनामा फाडला. मग माझ्याकडे असे वळले, जणू मला कधी पाहिलंच नव्हतं.

"आणि हे कोण? ह्यांनी काय केलं?"

काय सांगू? तोंड उघडलं तर बाईंची नोकरी जाते. म्हटलं, "काही नाही साहेब, असाच आलो होतो."

"असू द्या, असू द्या. तिकडे दुकानात, दारासमोरच्या पलंगावर बसा. जरा गर्दी दिसते."

बसलो... सहा वाजेपर्यंत.