मेहनाज सिस्टरांच्या दंडावरचं घड्याळ

आजच्या या निरोपाच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष आणि या दवाखान्याचे संस्थापक आदरणीय डॉ. भावसिंग राठोड साहेब, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे, सत्कारमूर्ती मेहनाज सिस्टर, दवाखान्यातील सर्व कर्मचारी आणि दिग्रसकर बंधुभगिनींनो,

माझं नाव नयन दुधे. मी शाळामास्तर; तास संपल्याची घंटा झाल्याशिवाय थांबायची सवय नाही, हे आधीच सांगून ठेवतो. सिस्टरांच्या बत्तीस वर्षांच्या सेवेबद्दल माझ्याआधीचे वक्ते बोललेच आहेत. मला फक्त अकरा दिवसांबद्दल बोलायचं आहे.

सहा वर्षांपूर्वी, एकवीस नोव्हेंबरला, माझे थोरले बंधू नानाजी मेंदूज्वरानं बेशुद्ध अवस्थेत इथं दाखल झाले. कापसाच्या जिनिंगमध्ये फोरमन होते. त्यांच्या मनगटावर एक जुनं ऑटोमॅटिक घड्याळ असायचं. सलाईनसाठी सिस्टरांनी ते काढलं, रजिस्टरमध्ये नोंद केली आणि वॉर्डाच्या कपाटात ठेवलं.

माझ्या कोकिळावहिनी रोज संध्याकाळी पाच वाजता भेटायला येत. आल्या की घड्याळ मागून घेत आणि कानाशी धरून बसत. पहिल्याच दिवशी सिस्टरांना म्हणाल्या, "हे चालू हाये तोवर मले धीर हाये, बाई."

तिसऱ्या दिवशी दुपारी सिस्टरांनी कपाट उघडलं, तर घड्याळ बंद.

जेवणाच्या सुट्टीत त्या ते घेऊन थेट कलीमभाईंच्या घड्याळाच्या दुकानात गेल्या. कलीमभाईंनी भिंग लावून पाहिलं. म्हणाले, "बाजी, घडीत काही बिघाड नाही. इच्यात सेल नाही, अन् या मॉडेलले चावीबी भरता येत नाही. हात हालला का आतला लोलक फिरते, त्याच्यावर चालते हे. कपाटात ठेवाल तं दीड-दोन दिवसात झोपते."

मग त्यांनी सगळं समजावलं. हळूहळू हलवून आधी चालू करायचं, मग वेळ लावायची. रात्री नऊ ते पहाटे तीनच्या दरम्यान तारखेला हात लावायचा नाही, आतले दाते तुटतात. लोहचुंबकापासून लांब ठेवायचं. आणि तीस दिवसांचा महिना असला की एक तारखेला तारीख हातानं पुढे घ्यायची. घड्याळाला वाटतं, प्रत्येक महिना एकतीसचाच.

वॉर्डात मनगटावर काही घालायचं नाही, हात धुवायचे असतात, हा इथला नियम. सिस्टरांनी ते घड्याळ बँडेजनं आपल्या दंडावर बांधलं, वर बाही ओढली, आणि सहा दिवस त्या तशाच राबल्या. पावणेपाचला सोडून कपाटात ठेवायच्या. वहिनी यायच्या, कानाशी धरायच्या, आणि त्यांचा चेहरा निवायचा.

आणि मी काय केलं?

एकोणतीस तारखेला सकाळी मी कपाट उघडं पाहिलं. घड्याळ नव्हतं. सिस्टर सलाईनची बाटली बदलायला वाकल्या, बाही सरकली, आणि भावाच्या घड्याळाचा पट्टा मला दिसला. मी त्यांना एक शब्दही विचारला नाही. सरळ ऑफिसात गेलो आणि वळणदार अक्षरात चोरीची तक्रार लिहून दिली.

सिस्टरांना बोलावलं. त्या एवढंच म्हणाल्या, "नियम मोडला साहेब, चूक झाली." घड्याळ काढून माझ्या हाती दिलं. तीस तारखेला त्यांना वॉर्डातून काढून ड्रेसिंगच्या खोलीत बसवलं.

एक डिसेंबरला सकाळी नानाजींनी डोळे उघडले. मी घड्याळ त्यांच्या हातात ठेवलं. तबकडीवरची तारीख पाहून म्हणाले, "नयन, नोव्हेंबरले एकतीस तारीख कधीपासून आली रे?" मी हसलो. तारीख पुढे घेणारं माणूस मीच घालवलं होतं, हे मला कुठे ठाऊक?

मग डोळे मिटून ते म्हणाले, "झोपेत मले घडीचा आवाज येऊन राह्यला होता. कधी लांब जाये, कधी अगदी कानापाशी. कापसाच्या ढिगात पडल्यावानी वाटे, अन् आवाज आला का वाटे, कोणी तरी हाये." रोज सकाळी वाकून त्यांचं तोंड कोण पुसायचं, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. तापातलं बोलणं म्हणून मी सोडून दिलं.

गेल्या महिन्यात घड्याळ सर्व्हिसिंगला नेलं. कलीमभाईंनी ओळखलं. "हे तं मेहनाज बाजीनं आणली होती," म्हणाले, आणि सगळं सांगितलं. मी तिथूनच सिस्टरांच्या घरी गेलो. विचारलं, "तेव्हा काहून नाही सांगितलं?"

त्या म्हणाल्या, "सांगितलं असतं तर वहिनींना कळलं असतं ना सर, की घड्याळ एकदा बंद पडलं होतं. तेव्हा भाऊ शुद्धीवर कुठे होते?"

काल मी वहिनींना सांगितलं. त्या समोरच्या रांगेत बसल्या आहेत, शेजारी नानाजी. माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हणजे मी रोज तिच्याच हाताची चाल आयकत होती."

अध्यक्ष महोदय, हे पत्र मी आपल्या हाती देतो. माझी तक्रार खोटी होती, असं त्यात लिहिलं आहे. सिस्टर हे दार ओलांडण्याआधी ते त्यांच्या फाईलमध्ये लावावं, ही विनंती.

आयोजकांनी बोलू दिलं, आपण शांतपणे ऐकलं, सर्वांचा ऋणी आहे. बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल, तर सभागृहानं ते मोठ्या मनानं पोटात घालावं. लिहिण्यात जे झालं, त्याची माफी सभागृहाकडे मागून चालणार नाही. ती मी आपल्या सर्वांसमक्ष, हात जोडून, मेहनाज सिस्टरांकडे मागतो.