नारळी पुनवेआधी उघडलेली होडी

आम्ही मूळचे तारोडीचेच, आजा मासेमार, बाप मासेमार, आणि घरात पहिली पदवी माझी, बी.एस्सी. इलेक्ट्रॉनिक्स, हे मी सांगते आणि मोठ्याने सांगते, कारण आय मासळीची टोपली घेऊन दारोदार फिरली तेव्हा ती झाली. आता मीरा रोडला इन्व्हर्टरच्या दुकानात सर्व्हिसला आहे मी. बाप गेल्यावर डिझेलची होडी विकून बॅटरीवरची घ्यायला भावाला मीच लावलं. आय म्हणाली, आवाज न्हाय, धूर न्हाय, ही होरी हाय का पालना.

तर काय सांगू तुम्हाला, मागच्या पावसाळ्यात आय दम्याने अंथरुणावर, ऑक्सिजनचं मशीन सतत लागायचं, म्हणून मी रजा घेऊन घरी आलेली. एका सकाळी असा वारा सुटला की रस्त्यावर झाड आडवं आणि लाईट गेली ती गेलीच. घरचा इन्व्हर्टर दुपारपर्यंत पुरला. ऑक्सिजनचा सिलिंडरवाला फोनवर म्हणतोय, मॅडम, रास्ता बंद है, कैसे आऊं. आयचे ओठ निळे दिसायला लागले. भाऊ नुसता आत-बाहेर करतोय.

मला अंगणातली होडी दिसत होती. मोटर चालवणारी अख्खी बॅटरी भरलेली, शिवाय बर्फाच्या पेटीसाठी मीच बसवलेला मोठा इन्व्हर्टर त्यात. पण होडी ताडपत्रीत बांधलेली. आमच्याकडे पावसाळ्यात बांधलेली होडी नारळी पुनवेला दर्याला नारळ देऊनच उघडतात, आधी न्हाय. आणि भाऊ आयच्या शब्दाबाहेर नाही. मी दोरीला हात घातला तशी खिडकीतून आय, दम लागलेला तरी, म्हणते, हात नको लाव पोरी, दर्या कोपंल. मी म्हटलं, आय, दर्याचं मी बघते, तू श्वास बघ. ती मानच हलवते, नाही म्हणून. मग भावालाच काय सुचलं, देव्हाऱ्यातला नारळ उचलून पावसात दर्याकडे पळत सुटला. तो परत आल्यावर आयने डोळे मिटले, म्हणाली, दिलास ना, मंग सोड दोरी.

खिडकीतून वायर घेतली. मशीन घुरघुरलं. तो आवाज, काय सांगू, मला तर आरतीसारखा वाटला, मी तिथेच ओल्या लादीवर बसले. थोड्या वेळाने आयच्या ओठांना रंग आला, आणि पहिलं बोलली काय, तर फ्रिज पन लाव त्याच्यावर, मावरं नासंल. मी म्हटलं, नासू दे मासळी. नुसतं तुझं मशीन चालणार, लाईट येईपर्यंत. भाऊ हसता हसता रडला.

आय अजून आहे, बरी आहे, भांडते पण. यंदा होडी बांधायला घेतली तशी ओट्यावर बसून भावाला सांगते, बॅटरीच्या अंगाला ताडपत्री सैल ठेव रे, गाठ मारू नको तिथं. मी विचारलं, आणि दर्या? तर म्हणते, त्याला सांगितलंय मी, तो आपलाच हाय.