तीर्थाच्या टाक्यावरचं छत

आजच्या सभेचे अध्यक्ष माननीय ढुंढिराजपंत, व्यासपीठावरची थोर मंडळी, सत्कारमूर्ती लतिकाताई, आणि दाटीवाटीने बसलेल्या माझ्या बहिणींनो, भावांनो,

मी सहादू. लतिकाताई आज दवाखान्याच्या प्रयोगशाळेतून निवृत्त होताहेत. त्यांचं काम काय? आपण नाक धरून ज्या घाणीपासून पळतो, ती भिंगाखाली ठेवून बघायची. तीस वर्षं!

आमच्या डोंगरावर लेण्यात पाण्याचं टाकं आहे. येणाऱ्याच्या तळहातावर त्यातलं पळीभर तीर्थ घालायचं, हा वीस वर्षं माझा मान. पाणी दुहेरी धोतरातून गाळायचो. तरी वास यायचाच. "जडीबुटीचा गुण आहे," असं मीच छातीठोक सांगायचो.

एक्क्याऐंशी साली माझी बायको भिमाबाई तापानं, जुलाबानं अंथरुणाला खिळली. तिला मी काय पाजत होतो? तेच तीर्थ, सकाळ-संध्याकाळ!

तपासणीचे नमुने न्यायला ताई घरी आल्या. तांब्या हुंगला. म्हणाल्या, "सहादूभाऊ, टाकं दाखवा."

लेण्यात त्यांनी बॅटरी लावली. "खाली काय बघता? वर बघा."

छत हलत होतं हो! शेकडो वटवाघळं एकमेकांना चिकटून लोंबत होती, आणि त्यांच्या लेंड्या, मूत, सगळं टपटप माझ्या टाक्यात. काठावर काळा राडा, त्यात किडे वळवळत होते. मी तिथंच ओकलो.

"झालं का ओकून? मग ही बाटली धरा," ताई म्हणाल्या.

तपासणीत पाण्यात जे जंतू निघाले, तेच लेंड्यांतही. मी रडकुंडीला आलो. "म्हणजे मीच तिला..."

"आजार वटवाघळांमुळेच झाला, असं मी लिहून देणार नाही. हे पाणी कोणी पिऊ नये, एवढं मात्र देते."

गावातले लोक वटवाघळं मारायला काठ्या घेऊन निघाले, तेव्हा ताईंनीच अडवलं. "घर त्यांचं आहे. पाणी प्यायला तुम्ही गेलात."

औषधांनी भिमाबाई उठली. ती काय, पहिल्या रांगेत बसली आहे. अजून ऐकवते, "देवाच्या नावानं लेंड्यांचं पाणी पाजलं मला ह्यांनी!"

ताई, तुमचे आभार कोणत्या तोंडानं मानू? याच तोंडानं त्या घाणीला मी गुणकारी म्हटलं.

बोलण्यात उणं-अधिक झालं असेल, तर सभेनं क्षमा करावी. पण इथल्या कितीतरी जणांनी डोळे मिटून माझ्यापुढे हात केला होता. त्या एकेका हाताची मी आज माफी मागतो.