कपिलेचं इंग्रजी

अहो, गाईला इंग्रजी कळतं म्हटलं की तुम्ही हसता. मी कोंडवाड्यात उभी राहून पाहिलंय!

आमच्या महाल वस्तीतले शेजारी गोविंदराव साहेबाच्या कचेरीत लागायचं म्हणून इंग्रजी शिकत होते. मास्तरांनी सांगितलेलं, ‘गेट अप’ म्हटलं की समोरच्यानं उठलं पाहिजे, तरच डोक्यात बसतं. बायको शांताबाई कशाला ऊठबस करते? मग ते रोज गोठ्यात, कपिला गाईसमोर. मी विरजणाच्या निमित्तानं डोकावायचेच.

शांताबाई म्हणायची, “इंग्रजीनं वाटीभर दूध येईन का घरात?”

एक दिवस कपिला सुटली आणि कोंडवाड्यात जाऊन पडली. घरातलं तान्हं बाळ तिच्याच दुधावर. आम्ही तिघं धावलो, तर एक माणूस आधीच ‘गाय माझी’ म्हणून अडून बसलेला. गोविंदरावांनी “कपिले!” अशी हाक मारली, तर तिथल्या दोन-तीन गाईंनी मान वळवली. कोंडवाड्याचा मुन्शी म्हणाला, “याले काय पुरावा म्हणता?”

शांताबाई रडकुंडीला आली. “अवो, पाहून काय राहिले? तुमचं ते इंग्रजी बोला ना!”

“गेट अप!” कपिला उठली. “टर्न राउंड!” वळली. “कम ऑन!” सरळ येऊन हात चाटायला लागली. तो दुसरा माणूस केव्हा सटकला, कळलंच नाही.

मुन्शीनं हात जोडले. “घेऊन जा गा! इतकं इंग्रजी मलेही येत नाही.”

घरी आल्यावर गोविंदरावांनी विचारलं, “आलं का इंग्रजीनं दूध?”

शांताबाईचं लक्षच नव्हतं. गोठ्याच्या दारात उभी राहून म्हणते कशी, “कम इन वं माय, कम इन!”